आईतो गार्सिया रेनेसेस: युरोलीग नाही, तरी एवढा मोठा कोच कसा? (आणि पोराला कोर्टवर कधी उतरवायचं)

अर्धाकोर्ट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात आमच्या भागातल्या पोरांना संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतो. १४ वर्षांखालची टीम आहे. मागच्या महिन्यात एका स्पर्धेच्या सेमीफायनलला मी माझा सगळ्यात लहान गडी, वय ११, तीन मिनिटं उतरवला. त्याच्या हातून दोन बॉल गेले, आम्ही चार पॉइंटनी हरलो, आणि मग पालकांच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत माझी शाळा घेतली गेली. पोरगा त्यानंतर आठवडाभर आलाच नाही, ते मला जास्त लागलं.

तर त्या आठवड्यात मी आईतोबद्दल मिळेल ते वाचत बसलो. पूर्ण नाव आलेहान्द्रो गार्सिया रेनेसेस, जन्म माद्रिद १९४६, पण सगळं स्पेन त्याला आईतो म्हणूनच ओळखतं. आधी खेळाडू होता, माद्रिदच्या एस्तुदियान्तेसकडून, मग बार्सिलोनाच्या पिकादेरोकडून. १९७३ ला, म्हणजे सव्वीस वर्षांचा असताना, खेळणं थांबवून बादालोनातल्या एका छोट्या क्लबचा कोच झाला आणि तिथे दहा वर्षं राहिला. पुढे बार्सिलोना, नऊ लीग टायटल. आणि २००५ च्या ऑक्टोबरमध्ये बादालोनातल्याच जुवेन्तुत क्लबचा कोच असताना त्याने रिकी रुबियोला स्पेनच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये उतरवलं तेव्हा रिकीला पंधरावं पूर्ण व्हायला सहा दिवस होते!! मोठ्या बाप्यांच्या लीगमध्ये!

पण याच माणसाने युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, एकदाही जिंकली नाही. तीन फायनल हरला. म्हणून दोन प्रश्न. एक, तुम्ही त्याला थोर मानता का? दोन, लहान पोराला कधी उतरवायचं हे त्याला कसं कळत असेल?

नागपाडा_७८
धागा आवडला. सविस्तर लिहीनच, आधी जागा पकडून ठेवतो.

पिवळा_कंदील
नाव आईतो आणि आयतं काहीच मिळालं नाही बिचाऱ्याला 😀

शिल्पा_रिबाउंड
@पिवळा_कंदील हाहा. पण खरंच आहे ते. जर्मनीतली पहिली दोन वर्षं बघा त्याची. अल्बा बर्लिनला गेला २०१७ ला, वय सत्तर. २०१८ ला जर्मन कपची फायनल हरला बायर्न म्युनिककडून, लीगची फायनल हरला बायर्नकडून पाच मॅचमध्ये. २०१९ ला कपची फायनल बाम्बर्गकडून एका पॉइंटने, युरोकपची (युरोलीगच्या खालची स्पर्धा) फायनल वालेन्सियाकडून, लीगची फायनल परत बायर्नकडून. पाच फायनल, पाच हार. दुसरा कोणी असता तर क्लबने नारळ दिला असता. त्यांनी ठेवला आणि २०२० ला कप आणि लीग दोन्ही आले, २०२१ ला परत लीग. त्र्याहत्तराव्या वर्षी डबल!

बर्लिनकर_मनोज
शिल्पाताईंनी माझ्या मनातलं लिहिलं. मी २०१६ पासून बर्लिनमध्ये आहे, ऑफिसमधल्या एका मित्राने ओढत नेलं म्हणून अल्बाच्या मॅच बघायला लागलो, तोवर बास्केटबॉलचा आणि माझा संबंध शाळेतल्या पीटीच्या तासापुरता होता. माझ्या लक्षात राहिलेलं सांगतो. हा पांढऱ्या केसांचा माणूस बेंचसमोर शांत उभा. बाकीचे कोच घसा फोडून ओरडत असायचे, हा हाताची घडी घालून. आणि बदल्या इतक्या की मला सुरुवातीला कळायचंच नाही कोण चांगला खेळतोय आणि कोण वाईट, कारण कुणी चार बास्केट केल्या तरी दोन मिनिटांनी बाहेर, आणि कुणी चूक केली तरी लगेच बाहेर नाही. आमच्या शेजारी बसणारे आजोबा म्हणायचे, इथे बारा जण खेळतात, पाच नाही.

फ्रान्झ वाग्नरला मी सोळा वर्षांचा असताना बघितलंय, काडीपैलवान होता अक्षरशः. बर्लिनचाच पोरगा. आता अमेरिकेत एनबीएमध्ये ओरलँडोकडून खेळतो, २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात तो) आठव्या नंबरला उचलला त्याला. आणि २०२३ ला जर्मनी वर्ल्ड कप जिंकली त्या टीममध्ये फ्रान्झ, थीमान, माओदो लो, गिफाय हे चौघं अल्बाला आईतोच्या हाताखाली खेळलेले. त्या फायनलच्या दिवशी तो जर्मनीत नव्हताही. मला मात्र त्या रात्री त्याचीच आठवण आली.

२०२० ची लीगची फायनल मात्र म्युनिकला, कोरोनामुळे प्रेक्षकांशिवाय झाली. इतकी वाट बघून टायटल आलं आणि आम्ही घरात टीव्हीसमोर. तेवढी एक रुखरुख आहे.

तिसरा_क्वार्टर
सगळे आरती ओवाळताय तर जरा दुसरी बाजू मांडतो.

नऊ लीग ठीक. पण ८५ नंतरचं बार्सिलोना म्हणजे एपी, सोलोसाबाल, सिबिलियो, हिमेनेस, नंतर ऑडी नॉरिस. असली टीम घेऊन लीग जिंकणं अपेक्षितच होतं. प्रश्न युरोपचा आहे. १९८९ म्युनिक, सेमीफायनल हरले युगोप्लास्तिका स्प्लितकडून. १९९० झारागोसा, म्हणजे स्वतःच्या देशात, फायनल हरले परत त्याच स्प्लितकडून ७२-६७. १९९६ पॅरिस, पानाथिनाइकोस ६७-६६. १९९७ रोम, ऑलिंपियाकोस ७३-५८. पंधराने! बार्साला पहिली युरोलीग मिळाली २००३ मध्ये, पेशिच कोच असताना. बारा-बारा जणांना फिरवत बसलं की शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाच्या हातात द्यायचा हे ठरलेलं नसतं, हे माझं स्पष्ट मत. मोठ्या मॅचमध्ये मोठ्या खेळाडूला कोर्टवर राहू द्यावं लागतं. लयीत आलेल्या माणसाला बसवणं म्हणजे तापलेला तवा उतरवून ठेवणं.

आणि पोरं घडवली म्हणता, तर जुवेन्तुतची अकादमी आधीपासून नावाजलेली आहे. रिकी कुणाच्याही हाताखाली वर आलाच असता.

नागपाडा_७८
@तिसरा_क्वार्टर, ९६ ची मॅच त्याच्या नावावर मांडू नका राव. ती मी नंतर किती वेळा बघितलीये. शेवटची काही सेकंदं, एका पॉइंटने मागे, बॉल हाती लागला, माँतेरो एकटा सुटला, लेअप टाकला, बॉल बोर्डला लागला आणि मग मागून पानाथिनाइकोसच्या व्रांकोविचने उडवला. बोर्डला लागल्यावर उडवलेला बॉल म्हणजे बास्केट धरायची, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. शिवाय घड्याळ मध्येच थांबलेलं. बार्साने तक्रार केली, फेटाळली गेली. त्यात कोच काय करणार? त्याच्या प्लेअरला बॉल मिळाला, एकटा सुटला, शॉट घेतला. यापुढे कोचचं काम संपतं.

९७ चं मान्य. त्या दिवशी धुतलं त्यांना.

तिसरा_क्वार्टर
९६ सोडलं. बाकीच्यांचं बोला.

शिल्पा_रिबाउंड
बोलते की. ९० च्या हारीनंतर बार्साने काय केलं माहितीये? आईतोला बेंचवरून उठवून मॅनेजर केलं आणि ज्याने त्याला हरवलं त्या मालकोविचला कोच म्हणून आणलं. आणि ९१ ला मालकोविचचं बार्सा फायनलला गेलं आणि हरलं कोणाकडून? परत स्प्लितकडूनच, ७०-६५! म्हणजे दोष आईतोचा होता की समोर कुकोच होता याचा, हे तुम्हीच सांगा. कुकोच पुढे शिकागोला जाऊन एनबीए टायटलच्या तीन रिंगा घेऊन आला. ती टीम त्या काळात कुणालाच आवरली नाही, सलग तीन वर्षं.

नागपाडा_७८
बरोबर. आणि गंमत म्हणजे बादालोनातही हेच घडलं. ९२ ला इस्तंबूलला जुवेन्तुत फायनल हरली पार्तिझानकडून ७१-७०, जोर्जेविचचा तो शेवटचा तीन पॉइंटचा शॉट. तेव्हा पार्तिझानचा कोच ओब्रादोविच. पुढच्याच वर्षी जुवेन्तुतने ओब्रादोविचला घेतलं आणि ९४ ला युरोप जिंकलं. सेमीफायनलला कुणाला हरवून? आईतोच्या बार्साला. ज्याने हरवलं त्यालाच घरी घेऊन यायचं ही स्पॅनिश क्लबांची तेव्हाची रीतच दिसते.

९२ ला हरलेल्या जुवेन्तुतचा कोच लोलो सायन्स, तोही खेळाडूचा कोच झालेला. त्याच्यावर खरंतर वेगळा धागा हवा. रेआल माद्रिदकडून खेळाडू म्हणून चार युरोपियन कप, म्हणजे तेव्हाची युरोलीग (६४, ६५, ६७, ६८) आणि त्याच क्लबचा कोच म्हणून दोन (७८, ८०). खेळाडू म्हणून लोलोच्या पासंगालाही आईतो पुरणार नाही. पण ८९ ची लीग फायनल बघा, लोलोचं माद्रिद, त्यात द्राझेन पेत्रोविच, आणि समोर आईतोचं बार्सा. २-२, पाचवी मॅच बार्सिलोनात. माद्रिदचे इतके प्लेअर फाऊलवर बाहेर गेले की शेवटी कोर्टवर चारच उरले. माद्रिदवाले आजही त्या रेफ्रीला शिव्या घालतात. बार्सा जिंकलं.

पिवळा_कंदील
चारच उरले?? आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये बॅट ज्याची तो आउट होऊन घरी गेल्यावर व्हायचं तसं.

कोल्हापुरी_हूक
मला बास्केटबॉलातलं इतकं कळत नाही पण वाचायला मजा येतीय, चालू द्या. एक शंका, प्रेस म्हणजे नेमकं काय असतंय? आधी कुठंतरी वाचलं होतं की आईतो प्रेससाठी प्रसिद्ध म्हणून.

अर्धाकोर्ट
@कोल्हापुरी_हूक इथे अजून कुणी लिहिलं नव्हतं पण बरं झालं विचारलंत. साधारणपणे समोरच्याने बास्केट खाल्ली की तो बॉल घेऊन आरामात पुढे येतो आणि आपण आपल्या अर्ध्यात वाट बघत उभे राहतो. प्रेस म्हणजे तसं न करता त्याला त्याच्याच बास्केटखाली गाठायचं, पास द्यायला जागाच ठेवायची नाही, दोघांनी मिळून कोपऱ्यात दाबायचं. बॉल सुटला तर आपल्याला सोपी बास्केट. नाही सुटला तरी त्याची सेकंदं जातात आणि दम जातो. पण त्यात आपलाही दम निघतो, चार मिनिटांत जीभ बाहेर. म्हणून माणसं सतत बदलावी लागतात.

कोल्हापुरी_हूक
म्हणजे कबड्डीत कोपरारक्षक आणि साखळी घेऊन रेडरला मधल्या रेषेपाशीच गाठायचं तसं. कळलं.

बर्लिनकर_मनोज
वा, आत्ता मला त्या बदल्यांचं कोडं उलगडलं. चार वर्षं नुसता बघत होतो.

शिल्पा_रिबाउंड
मनोज, आणि तिसरा_क्वार्टर तुम्हीपण, इथेच तर मुद्दा आहे. तो बारा जणांना खेळवतो ते सगळ्यांना संधी मिळावी म्हणून प्रेमाने, असं लोकांना वाटतं. त्याच्या खेळाची ती गरज आहे. तुम्हाला चाळीस मिनिटं समोरच्याच्या छातीवर बसायचं असेल तर पाच माणसांत होतच नाही, दहावा माणूसही तयार लागतो. आणि दहावा माणूस तयार हवा तर त्याला नोव्हेंबरमधल्या कंटाळवाण्या मॅचमध्ये खेळवावा लागतो. पोरं वर आली ती यातून.

मी स्वतः राज्य पातळीपर्यंत खेळले, चार वर्षं एका टीमची दहावी प्लेअर होते. चार वर्षांत मोजून सगळी मिळून अर्धा तास कोर्ट मिळालं असेल. प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी यायचे, शेवटी जायचे, बॉलची पिशवी उचलायचे. मग एकदा सेंटरचा घोटा मुरगळला आणि सरांनी मला एकदम क्वार्टरफायनलला उभं केलं, पाय लटपटत होते माझे. अशावेळी पोर चुकतं आणि सगळे म्हणतात, बघा, म्हणूनच हिला उतरवत नव्हतो. आईतोच्या टीममध्ये मी असते तर, असं खूपदा वाटून गेलंय.

तिसरा_क्वार्टर
@शिल्पा_रिबाउंड हे मनापासून पटलं, मी या बाजूने विचार केला नव्हता. तरी एक राहतंच. पाऊ गासोल. पाऊला ९९ च्या जानेवारीत लीगमध्ये उतरवलं आणि मग जवळपास दोन वर्षं तो बेंचवर. सात फुटी पोरगा, तो! २००१ ला तो फुटला, मालागाला कपच्या फायनलला माद्रिदविरुद्ध मॅचविनर, एमव्हीपी (स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू), मग लीग, मग सरळ अमेरिकेत तिसऱ्या नंबरचा पिक. जगातला एक सर्वोत्तम खेळाडू घरात होता आणि एकच सीझन वापरता आला. रिकीला चौदाव्या वर्षी आणि पाऊला विसाव्या वर्षी? हा कुठला न्याय?

नागपाडा_७८
अहो तेच तर! @अर्धाकोर्ट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिसरा_क्वार्टर साहेबांनी भांडता भांडता देऊन टाकलं.

पाऊ तेव्हा नुसता उंच होता, अंगावर मांस नाही, मेडिकलला नाव घातलेलं, कॉलेज आणि प्रॅक्टिस दोन्ही चाललेलं. बास्केटखाली त्याला एकशेदहा किलोचे लोक ढकलणार. त्याचं काम त्या शरीराला झेपेपर्यंत थांबायलाच हवं होतं. रिकीचं तसं नाही. रिकीचं काम म्हणजे बॉल आणणाऱ्याच्या अंगाशी जाणं, पास कुठे जाणार ते आधी ओळखणं, हात घालणं. त्याला वजन लागत नाही, डोळे लागतात. ते त्याच्याकडे चौदाव्या वर्षी होते. २००६ ला सोळा वर्षांखालच्या युरोपियन फायनलला रशियाविरुद्ध त्याचे आकडे बघा: ५१ पॉइंट, २४ रिबाउंड, १२ असिस्ट, ७ स्टील (चोरलेले बॉल). आणि दोन वर्षांनी बीजिंग ऑलिंपिकची फायनल, अमेरिकेविरुद्ध, तेव्हा स्पेनचा कोच आईतोच, काल्देरोन जखमी, आणि आईतोने सुरुवातीच्या पाचात कोण घातला? रिकी, वय १७. समोर कोबी, लेब्रॉन, वेड.

मी ती मॅच लाइव्ह बघितली होती, रविवार होता, दुपारी जेवण ताटात तसंच राहिलं. ग्रुपमध्ये त्याच अमेरिकेने त्यांना ११९-८२ असं चिरडलं होतं. आठवड्याभरात फायनलला हे शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन पॉइंटवर आले, ९१-८९! शेवटी ११८-१०७. रुदीने हॉवर्डच्या डोक्यावरून मारलेला डंक अजून डोळ्यासमोर आहे. रुदीही आईतोचाच, जुवेन्तुतचा. त्याच वर्षी दोघांनी मिळून जुवेन्तुतला स्पॅनिश कप आणि यूलेब कप (युरोकपचं जुनं नाव) जिंकून दिला होता.

अर्धाकोर्ट
@नागपाडा_७८ दादा, हे वाचून मी पाच मिनिटं नुसता बसलो. मी माझ्या त्या पोराला उतरवलं तेव्हा त्याला काम काय दिलं होतं? काहीच नाही. "जा, बिनधास्त खेळ" म्हणालो. समोर त्याच्याहून वीतभर उंच पोरं, आणि मी बॉल आणायचं काम सोडलं त्याच्यावर कारण आमचा गार्ड दमला होता. चूक त्याची नव्हतीच. हे मी त्याच्या आईलाही सांगणार आहे.

शिल्पा_रिबाउंड
आधी त्याला सांगा. आईला नंतर.

अर्धाकोर्ट
हो. आधी त्याला.

तिसरा_क्वार्टर
तुमचा पोरगा परत आला का पण?

अर्धाकोर्ट
आला, परवापासून. कोपऱ्यात उभा असतो, बॉल मागत नाही.

बर्लिनकर_मनोज
एक आठवलं म्हणून लिहितो. आईतोला बर्लिनला आणणारे स्पोर्ट डायरेक्टर इमार ओहेदा, ते स्पेनच्या ग्रान कानारियाचे, आणि त्याआधी आईतो तिथल्याच क्लबचा कोच होता. तिथेही २०१५ ला युरोकपची फायनल आणि २०१६ ला कपची फायनल गाठली होती, हरला दोन्ही. म्हणजे इतक्या फायनल हरलेल्या माणसालाच ते घेऊन आले. आणि २०२१ ला तो गेल्यावर अल्बाने बाहेरून कुणी मोठं नाव आणलं नाही, त्याचाच असिस्टंट इस्राएल गोन्झालेस कोच झाला आणि पुढच्या वर्षी परत लीग आणि कप. म्हातारा कोच गेला आणि घर तसंच चालू राहिलं. तिसरा_क्वार्टर, युरोलीगच्या रकान्यात हे येत नाही, पण मी तरी हे मोजतो.

तिसरा_क्वार्टर
मोजा, मीही मोजतो. युरोलीग नाही म्हणजे नाही, त्यावर मी हटणार नाही, फार तर एवढं म्हणेन की मला कोच निवडायचा असेल तर एका फायनलसाठी ओब्रादोविच आणि दहा वर्षांसाठी आईतो.

पिवळा_कंदील
हे लाखात एक बोललात.

नागपाडा_७८
आणि बर्लिननंतरही घरी बसला नाही बरं. पाऊचा भाऊ मार्क गासोलने काढलेला क्लब, जिरोना, दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता. तिथे गेला. २०२२ च्या जूनमध्ये त्यांना वर चढवलं, आणि शेवटची मॅच कोणाविरुद्ध? एस्तुदियान्तेस! जिथून तो पोरगा म्हणून खेळायला लागला होता तोच क्लब. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, त्याच्या टीममध्ये सदतीस वर्षांचा मार्क, तोच मालक, तोच सेंटर. क्लबच्या मालकाला बेंचवर बसवायचं धाडस किती कोचांत असेल सांगा.

कोल्हापुरी_हूक
आमच्या तालमीत वस्ताद मालकालाबी जोर काढायला लावत्यात, त्यामुळं मला ते नवल वाटंना 😀

अर्धाकोर्ट
मंडळी, रविवारी मैत्रीपूर्ण मॅच आहे. ठरवलंय असं: पोराला दुसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवायचं, तीनच मिनिटं, आणि एकच काम द्यायचं. समोरचा बाहेरून बॉल आत टाकतो ना, त्याच्यासमोर हात वर करून नाचायचं. बास. बॉल हातात आला तर जवळच्याला द्यायचा आणि परत तिथेच जायचं. बॉल आणायचं काम दुसऱ्याचं. आज प्रॅक्टिसला करून बघितलं, पहिल्यांदा लाजला, मग दोन पास अडवले आणि तिसऱ्याला स्वतःच ओरडला "माझा!" कोपऱ्यातून बाहेर आला एकदाचा.

शिल्पा_रिबाउंड
दोन बदल्या ठरवून ठेवा त्याच्यासाठी, एक नाही. पहिली चुकली तरी दुसरी आहे हे त्याला आधीच माहीत असू दे.

अर्धाकोर्ट
लिहून घेतलं. दुसऱ्या आणि चौथ्यात.

तिसरा_क्वार्टर
कुठल्या ग्राउंडवर आहे? मी कोथरूडला असतो. माझ्याकडे सहा नंबरचे दोन बॉल पडून आहेत, हवा भरून आणतो.